निळ्या कव्हरचा फोन

"कल्याणीबाई, आज बरं नाहीये का तुम्हाला?" हळबे सरांनी फोनवर विचारलं.

मी ठणठणीत होते. सकाळी भरपेट उप्पीट खाऊन कामाला बसले होते. "नाही सर, बरी आहे की," मी म्हटलं.

"आवाज तुमचा वाटत नाही. कोरडा वाटतोय. रोजच्यासारख्या हसलाही नाहीत. आराम करा. लातूरच्या तिकिटाचं उद्या बघू."

त्यांनी फोन ठेवला. मी निळ्या कव्हरचा तो फोन टेबलावर ठेवला आणि स्वयंपाकघराकडे पाहिलं. माझी धाकटी जाऊ तृप्ती ओट्याशी शेंगदाणे भाजत उभी होती. कल्याणी मी. बारशाला कानात सांगितलेलं नाव माझं, चार वर्षं सांभाळलेला क्लायंट माझा, आणि आवाज म्हणे माझा वाटत नाही! कारण गेले काही महिने सर ज्या कल्याणीशी रोज बोलत होते, ती ही शेंगदाणे भाजणारी होती.

आता या गोष्टीला बरीच वर्षं झाली. तरी 'आवाज कोरडा वाटतोय' असं कुणी म्हटलं की माझं डोकं अजून सणकतं.

तेव्हा आम्ही सांगलीत विश्रामबागेत राहत होतो. माझे यजमान पतसंस्थेत, मुलगा वारणानगरला हॉस्टेलवर, दीर चाकणला कंपनीत आणि महिन्यातून एखाद्या रविवारी घरी. म्हणजे दिवसभर घरात आम्ही तिघी, मी, तृप्ती आणि आमच्या सासूबाई. त्यांना आम्ही आत्या म्हणायचो. मी व्हर्च्युअल असिस्टंट होते. म्हणजे सांगलीत बसून परगावच्या लोकांची ऑफिसं सांभाळायची. त्यांच्या तारखा, तिकिटं, पत्रं, फोन, सगळं. आत्या शेजारणींना सांगायच्या, "आमची थोरली फोनवर नोकरी करते. साहेब चार हायत, पण एकाचं तोंड बघितलेलं नाही."

चार साहेबांचे चार फोन होते आणि गोंधळ नको म्हणून आत्यांनी त्यांना चार रंगांची कापडी कव्हरं शिवून दिली होती. लाल फोन पुण्याच्या मंजिरी ताम्हाणेंचा. त्यांचं वधूवर सूचक मंडळ होतं. हिरवा गुहागरकडच्या बर्व्यांचा, त्यांच्या घरगुती निवासाच्या खोल्यांचं बुकिंग. पिवळा कोल्हापूरच्या एका दातांच्या डॉक्टरांचा. आणि निळा प्राध्यापक मधुसूदन हळबे यांचा. सर नाशिकला राहत आणि महाराष्ट्रभरच्या व्याख्यानमालांतून शिवकालीन पत्रव्यवहारावर बोलत. माझे पहिले क्लायंट ते. बाकीच्यांचं काम मी पैशासाठी करायचे. सरांचं काम करताना मला मी कुणीतरी आहे असं वाटायचं.

या धंद्यातली खरी अडचण कामाची नसते, क्लायंटच्या मनाची असते. प्रत्येकाला वाटतं, ही बाई फक्त माझी. मंजिरीताई तर सरळ विचारायच्या, "तू दुसरं कुणाचं बघत नाहीस ना गं?" बर्व्यांना मागून दुसरा फोन वाजलेला ऐकू आला तरी ते घुश्शात जायचे. म्हणून मी घरात एक नियम केला होता. फोन वाजला आणि मी दुसऱ्या फोनवर असले, तर जी कुणी जवळ असेल तिनं उचलायचा आणि म्हणायचं, 'कल्याणी बोलतेय'. ती कामात आहे, ती आंघोळीला गेलीय, असलं काही नाही. आत्यासुद्धा एकदा कल्याणी झाल्या होत्या. त्यांनी बर्व्यांना गुडघेदुखीवर निर्गुडीचा पाला सांगितला आणि बर्व्यांनी मला आठवडाभर 'कल्याणीताई, फरक आहे हो' असं कळवलं.

त्या वर्षी दिवाळीनंतर कामाचा डोंगर झाला. मंजिरीताईंचा वधूवर मेळावा तोंडावर, बर्व्यांकडे नाताळच्या सुट्टीची झुंबड, सरांचा व्याख्यानांचा हंगाम. आणि एक दिवस माझ्याकडून घोटाळा झालाच. लाल फोनवर एका मुलाचे वडील विचारत होते, "मुलगी कशी आहे?" आणि मी हिरव्या फोनवरच्या गिऱ्हाइकासाठी लिहिलेला निरोप वाचून मोकळी झाले, "समुद्राला लागून आहे, पण पाण्याचा जरा त्रास आहे. दोन दिवसांसाठी चालेल." पुढचं काय सांगायचं! मंजिरीताईंनी मला फाडून खाल्लं.

ते ऐकून तृप्ती पोट धरधरून हसली आणि मग म्हणाली, "अक्का, मला पण द्या की एखादा फोन. दिवसभर मी तरी काय करतोय घरात?"

तासगावची पोरगी, तिकडच्या बायकांसारखी 'करतोय', 'आलतो' म्हणणारी. बी.ए. झालेली, लग्नाला दीडेक वर्ष झालेलं. मी विचार केला, लाल हिला झेपायचा नाही, हिरव्यावर भांडणं फार. सर साधे आहेत, तारखा ठरलेल्या आहेत. निळा दिला. मीच दिला, माझ्या हातांनी.

"तू कल्याणी म्हणून बोलायचं," मी बजावलं. "माझं नि त्यांचं बहुतेक निरोपांवरच चालतं, आवाजाची फारशी ओळख नाही. माणूस बदललाय हे त्यांना कळता कामा नये."

"कळू दिलं तर नाव बदला माझं," ती म्हणाली.

महिनाभर मी सुटकेचा श्वास घेतला. मग एक दिवस सरांचा निरोप माझ्या नजरेला पडला. 'कल्याणीबाई, तुम्ही सांगितलेली शेंगदाण्याची चटणी केली. जमली! हल्ली तुमच्याशी बोललं की दिवस बरा जातो.'

हल्ली! म्हणजे आधीची चार वर्षं वाईट जात होता? चार वर्षांत मी सरांची एक तारीख चुकू दिली नव्हती. परभणीला त्यांना तिखट जेवण चालत नाही हे संयोजकांना मी सांगायचे, सोलापूरला खालच्या मजल्यावरची खोली मी मागायचे. त्यांच्या पत्नी मालतीबाई गेल्या तेव्हा सगळ्या तारखा मी पुढे ढकलल्या, शोकसंदेशांना उत्तरं मी धाडली. इतकी नीट की सरांना एकाही पत्रात हात घालावा लागला नाही. चटणी सांगायचं मात्र मला सुचलं नव्हतं. कामाच्या फोनवर चटणी सांगतात का?

तेव्हापासून मी लक्ष ठेवायला लागले. निळा फोन वाजला की तृप्ती तो घेऊन गच्चीवर जायची. अर्धा अर्धा तास! मी जिन्यात उभी राहून कान द्यायचे, पण वरून नुसतं 'हं', 'व्हय सर' आणि मध्येच हसू. खाली आली की मी विचारायचे, "तिकिटाला एवढं बोलावं लागतं?"

"ते बोलतात ओ अक्का. एकटे असतात. मी फक्त ऐकतोय."

"आपल्याला ऐकण्याचे पैसे मिळत नाहीत."

यावर ती गप्प बसायची. तिचं गप्प बसणंही मला खुपायचं. उलटून बोलली असती तर भांडून मोकळी झाले असते. संक्रांतीला माझ्याकडे हळदीकुंकू होतं, त्यालाही बाईसाहेब खाली आल्या नाहीत. डोकं दुखतंय म्हणाली. संध्याकाळी पाहिलं तर गच्चीच्या पायरीवर बसून निळ्या फोनवर! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. घरी आलेल्या सवाष्णींपुढे हिचं डोकं दुखतं आणि सरांपुढे दुखत नाही!

मी फोन काढून घ्यायचं ठरवलं. त्याच दिवशी सरांनी मला विचारलं, बरं नाहीये का. तो फोन मी मुकाट्यानं तिला परत दिला. दुसरं काय करणार? क्लायंटला तीच कल्याणी हवी होती.

मार्चमध्ये सरांचं पत्र आलं. सांगलीच्या व्याख्यानमालेत त्यांचं व्याख्यान ठरलं होतं. त्यांच्या ओळखीच्या सहा वक्त्यांनी मिळून सगळं काम एकाच व्यक्तीच्या हाती द्यायचं ठरवलं होतं. 'ते तुमच्याच हाती यावं असा माझा आग्रह आहे. पण आधी तुम्हाला एकदा डोळ्यांनी पाहायचंय. व्याख्यानाआधी चहाला तुमच्या घरी येतो.'

सहा वक्ते! तेवढं काम आलं असतं तर लाल, हिरवा, पिवळा तिन्ही फोन ज्याचे त्याला परत करून मी एकाच तऱ्हेचं, मानाचं काम केलं असतं. कित्येक वर्षं मी याचीच वाट पाहत होते. आणि ते आलं होतं ते दुसरीच्या हसण्यावर.

"आता काय करायचं, अक्का?" तृप्तीनं विचारलं. "सांगून टाकूया का? सर रागवायचे नाहीत."

"तुला काय माहीत रागवायचे नाहीत?"

"म्हंजे... माणूस तसला नाही."

माझ्या क्लायंटचा स्वभाव ही मला सांगणार! "एवढी वर्षं एक बाई समजून बोलले आणि निघाल्या दोन, असं कळल्यावर कोण विश्वास ठेवेल?" मी म्हटलं. "तू चार दिवस तासगावला जाऊन ये. आईकडे गेली नाहीस बरेच दिवस."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिला कळलं होतं, मला दिसत होतं. तरी तिनं पिशवी भरली. निघताना निळा फोन माझ्या हातात देऊन म्हणाली, "चहात साखर घालू नका त्यांच्या. आणि मालतीबाईंचा विषय आपणहून काढू नका. ते बोलले तर मध्ये बोलू नका, तेवढं."

"बस चुकेल तुझी," मी म्हटलं.

सर यायच्या दिवशी मी ठेवणीतली इरकल नेसले. आवाजावर उपाय शोधला होता, घसा बसलाय म्हणायचं. खरं वाटावं म्हणून गळ्याला मफलर गुंडाळला. मार्च महिन्यात, सांगलीच्या उन्हात! आत्यांना बजावलं, "आतच बसा आणि तृप्तीचं नाव काढू नका."

"का गं? तिनं काय दरोडा घातलाय?" आत्या म्हणाल्या.

सर आले. पोस्टरवर भारदस्त दिसायचे, प्रत्यक्षात लहानखुरे होते. हातात कापडी पिशवी. दारातच थांबून माझ्याकडे टक लावून पाहिलं आणि हात जोडले. "कल्याणीबाई. शेवटी भेटलो."

"या सर. घसा बसलाय माझा, माफ करा," मी घोगऱ्या आवाजात म्हटलं.

"नका बोलू. मीच बोलतो. रोज तुम्ही ऐकताच."

चहा झाला. बिनसाखरेचा. मी व्याख्यानांच्या पुढच्या तारखा काढल्या, सहा वक्त्यांचं वेळापत्रक कसं लावता येईल ते सांगायला लागले. सरांनी दोन मिनिटं ऐकलं आणि हातानं थांबवलं. "ते तुम्ही कराल, मला खात्री आहे. मी त्यासाठी आलो नाही." त्यांनी आतल्या खोलीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "घरात कुणाला माहीत नाही म्हणाला होतात, म्हणून हळू बोलतो."

मला काही कळेना. मी नुसती मान हलवली.

"संक्रांतीच्या दिवशी मी फोन केला होता तो सगळी व्याख्यानं रद्द करा म्हणून सांगायला. मालतीशिवाय पहिली संक्रांत. कुणासाठी बोलायचं, असं झालं होतं. तुम्हाला तसं म्हटलं. मग म्हणालात, सर, माझंही एक गेलंय कालच. अजून कुणाला सांगण्याएवढं वाढलंही नव्हतं. नवऱ्याला फोनवर सांगितलं, तो म्हणाला, घरात बोलू नको, आई हाय खाईल. दवाखान्यातसुद्धा एकटी गेले, म्हणालात. आणि खाली बायका वाण लुटतायत."

हातातला कप मी खाली ठेवला.

"मी काय बोलणार? बोलायचा माझा धंदा, पण मला शब्द सुचेना. तुम्हीही बोलेनात. फोन मात्र दोघांनीही ठेवला नाही. शेवटी तुम्हीच म्हणालात, सर, बारामतीचं तिकीट मी काढून ठेवते, तुम्ही जा. मी गेलो. त्यानंतर सोडायची भाषा केली नाही." सरांनी पिशवीतून एक खण आणि नारळ काढला. हिरवा खण, मोरपिशी काठाचा. "मालतीच्या कपाटातला आहे. तुमची ओटी भरायला माझ्या घरात आता बाई नाही. सासूबाईंच्या हातून भरून घ्या. कारण नका सांगू. म्हणावं, एका म्हाताऱ्यानं दिला. पुन्हा होईल बरं, बाळ. पुन्हा होईल."

आणि त्यांनी तो खण माझ्या पुढ्यात धरला.

मला एवढंच करायचं होतं, मान खाली घालून पदर पुढे करायचा. सर माझे, सहा वक्ते माझे, सगळं माझं झालं असतं. गेले कित्येक दिवस त्या फोनमधलं तिचं जे जे होतं ते मला हवं होतं. तिचं हसू, तिची चटणी, सरांची तिच्यावरची माया, काही म्हणता काही मला सोडवत नव्हतं.

"सर, हा माझा नाही," मी म्हटलं. आवाज घोगरा करायचं विसरले. "माझ्या जावेचा आहे. तृप्तीचा. दिवाळीपासून तुम्ही तिच्याशी बोलताय. मला... मला हे तुमच्याकडून कळतंय."

सरांचा हात तसाच राहिला. मग त्यांनी खण मांडीवर ठेवला. "त्या कुठे आहेत?"

"तासगावला. मी पाठवली."

"का?"

"तुमची भेट होऊ नये म्हणून. नाव माझं, फोन माझा आणि कौतुक तिचं. मला बघवत नव्हतं."

मी मफलर काढून टाकला. घामानं मान भिजली होती. सर माझ्याकडे बघत होते, पण रागानं नव्हे. "आणि आधीची चार वर्षं?"

"ती मी."

"एकदाही तारीख चुकली नाही त्या वर्षांत," ते म्हणाले. "मालती गेली तेव्हाची पत्रंही तुमचीच म्हणजे. फार नीट होती."

एवढंच ऐकायला मी आदल्या दिवशीपर्यंत जीव टाकत होते. आता ते कानावरून गेलं. मला फक्त एकच दिसत होतं. एका घरात, एका ओट्यावर आम्ही दोघी भाकऱ्या थापत होतो, आणि तिनं हे नाशिकच्या माणसाला सांगितलं, मला नाही. खरं सांगते, त्या घडीला मला तृप्तीचा हेवा वाटेनासा झाला आणि सरांचा वाटायला लागला. असा वाटला की त्यांच्याकडे बघवेना.

मी माझ्या फोनवरून तृप्तीला फोन लावला. पहिल्याच घंटेला तिनं उचलला.

"आले काय ओ सर? ओळखलं नाही न्हवं?"

"तृप्ती, संक्रांतीचं तू मला का नाही सांगितलंस?"

पलीकडे मागं कुठंतरी तिची आई कुणाला तरी हाका मारत होती. मी थांबले.

"दोनदा आलतो अक्का, सांगायला," ती म्हणाली. "दवाखान्यातनं आल्या आल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी. तुम्ही दोन्ही कानाला दोन फोन लावून बसला होता. मला बघून बोट वर केलंत, थांब म्हणून. थांबलो. लई वेळ थांबलो. मग सरांचा फोन वाजला, आणि त्यांनी विचारलं, कशा आहात."

पुढ्यात सर खण सावरून बसले होते. आत आत्या खाकरल्या.

"तू तिथंच थांब," मी शेवटी म्हटलं. "मी न्यायला येते. आत्ता."

फोन ठेवून मी चप्पल पायात घातली. सर गडबडीनं उठले. "संयोजकांची गाडी खाली आहे. तासगाव काही लांब नाही. व्याख्यानाला वेळ आहे अजून. मी येतो ना. मलाही त्यांना..."

"नाही सर," मी म्हटलं. "गाडी द्या हवी तर, पण तुम्ही इथंच बसा. आत्या तुम्हाला चहा देतील. आज ती आधी माझ्याशी बोलेल."